शून्य मिनिटापूर्वी

ज्याच्या निर्णयावर दुसऱ्याचा श्वास अवलंबून आहे, त्याने निर्णयापूर्वी एकदा डोळे उघडून पाहावे, एवढीच विद्येची माफक अपेक्षा असते. तीही ज्याला जड वाटते, त्याच्या काळ्या झग्याखाली आणि मखमली टोपीखाली विद्या नसते. विद्येचे केवळ कपडे असतात.

प्राध्यापक लोडेवाइक टेर हार यांचा असा झगा नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या आमच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या दालनातल्या खुंटीवर सदैव इस्त्री करून टांगलेला असे. शेजारी भिंतीवर सोनेरी चौकटीत एक मोठे छायाचित्र होते: निरोगी माणसाच्या आतड्याच्या पेशींपासून वाढवलेला, पाण्याने टम्म भरलेला, पातळ कडेचा गोलक. पाहुणा आला की प्राध्यापक त्याला प्रथम त्या चित्रासमोर उभे करीत. सूक्ष्मदर्शकाला मात्र त्यांनी डोळा लावल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. त्यांना आलेख पुरत.

हिस्के बाउमा फ्रीजलंडमधली शाळाशिक्षिका. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. या आजारात पेशीच्या कडेवरचे मिठाचे दार उघडत नाही. मीठ अडते म्हणून पाणी अडते, आणि फुफ्फुसांत कफ डिंकासारखा चिकटून बसतो. घामातले मीठही परत आत घेतले जात नाही, म्हणून घाम फार खारट असतो. ते दार दुरुस्त करणारे औषध आता निघाले आहे. परंतु हिस्केचा जनुकदोष इतका विरळा, की त्यावर ते कोणी तपासलेलेच नव्हते. प्रयोगशाळेने गुण दाखवला तर औषध देऊ, असे रुग्णालयाने सांगितले. म्हणून तिच्या गुदाशयातून तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेऊन आम्ही त्याचे गोलक वाढवले. रीत अशी की, आदल्या दिवशी गोलक औषधात ठेवायचे, दुसऱ्या दिवशी दार उघडायला लावणारे उत्तेजक घालायचे, आणि त्या क्षणाच्या छायाचित्राशी ताडून ते पुढे मिठामागून पाणी आत शिरून किती फुगले हे मोजायचे. ही गणना प्राध्यापकांच्या नावानेच ओळखली जाते.

हिस्केच्या गोलकांची वाढ नगण्य भरली. प्राध्यापकांनी तिला बोलावून घेतले. कॉफी आली, प्रत्येकाला एकेक बिस्कीट मिळाले आणि डब्याचे झाकण लागले.

“बाउमाबाई, खेद वाटतो,” आलेखावर पेन टेकवून ते म्हणाले. “तुम्हाला हे औषध लागू पडत नाही.”

“माझी आतडी मला बघता येतील का?” खोकला आवरत हिस्केने विचारले. “एवढी बदनामी झालीय बिचाऱ्यांची, निदान भेट तरी होऊ दे.”

“त्यात पाहण्यासारखं काही नाही.”

“तुम्ही पाहिलीत?”

“आलेख पाहिला, बाई. तेच पाहणं.”

“अहो, मी मुलांचे गणिताचे गुण बघून कोण उंच आणि कोण बुटका ते नाही हो सांगत.”

छायाचित्रे घेणारी त्यांची सहकारी मार्लूस कोपऱ्यात बसली होती. तिने न विचारता संगणक पुढे ओढला आणि पडद्यावर दोन चित्रे लावली. डावीकडे बारके, गच्च, पोकळी नसलेले काळपट ठिपके. उजवीकडे पातळ कडेचे, भरून आलेले गोलक.

“ही डावीकडची कोण?”

“औषध न दिलेली. तुमचीच,” मार्लूस म्हणाली.

“आणि उजवीकडची? ही घरून जेवूनच आलेली दिसतात.”

“ती आदल्या दिवसापासून औषधात होती. दोन्ही चित्रं शून्य मिनिटाची आहेत. उत्तेजक घालायच्या वेळची.”

“मग आधीच एवढी फुगलेली आणखी कुठे फुगणार? फुटतील की.”

“शून्य मिनिटापूर्वीचं आम्ही धरत नाही,” प्राध्यापक म्हणाले. “गणना तिथून सुरू होते.”

“तुमची गणना तिथून सुरू होत असेल. मी आदल्या दिवसापासूनच बरी व्हायला लागले होते.”

मार्लूसला हे पूर्वीच दिसले होते. पण ज्या गणनेला प्राध्यापकांचे नाव आहे, तिच्याविषयी शंका काढणे आमच्या प्रयोगशाळेत असभ्य समजत. असली सभ्यता पाळणाऱ्यांची फुफ्फुसे बहुधा निरोगी असतात.

हिस्के उठून सोनेरी चौकटीपाशी गेली.

“याला तुमच्या हिशेबात किती गुण पडतील?”

प्राध्यापक आलेख चाळू लागले.

“जवळजवळ काहीच नाही,” मार्लूस म्हणाली. “निरोगी गोलक मुळातच भरलेला असतो. फार वाढत नाही.”

“म्हणजे सगळ्यात आजारी हाच. आणि यालाच सोन्यात मढवलंय.”

तेव्हा कुठे प्राध्यापकांनी चष्मा लावला आणि ते पडद्याजवळ गेले. भिंतीकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले. त्यांच्या स्वतःच्या देवघरातली मूर्ती त्यांना दुसऱ्याच्या घरी ओळखता आली नव्हती. क्षमेचा एक शब्द त्या क्षणाला शोभला असता.

“ही मर्यादा माझ्या मनात होतीच,” ते म्हणाले.

मनात होती तर ती तिथेच का ठेवली, हे कोणी विचारले नाही.

“औषधाचे आणि बिनऔषधाचे गोलक थेट आकारानेच ताडून पाहू,” ते पुढे म्हणाले. “त्याला टेर हार सुधारणा म्हणता येईल.”

“नाव हवं ते ठेवा, बारशाला मी येईन,” हिस्के म्हणाली. “गोळ्या तेवढ्या मिळू देत.”

फेरमोजणी झाली, फरक ठळक निघाला, आणि रुग्णालयाने शब्द पाळला. टेर हार सुधारणेवर प्राध्यापकांनी पुढे झगा घालून व्याख्यान दिले. त्यात हिस्केचा उल्लेख ‘एक नमुना’ असा होता.

नमुन्याने मार्लूसला फोन केला. आवाज मोकळा होता.

“माझा कुत्रा रुसलाय गं. जन्मभर माझं मनगट चाटायचा, घाम खारट म्हणून. आता नुसतं हुंगतो आणि निघून जातो.”

मार्लूस खूप वेळ हसली आणि मग डोळे पुसू लागली.

हिस्केचा श्वास असाच निर्वेध वाहत राहो. मार्लूसच्या जिभेला तिच्या डोळ्यांइतके धैर्य लाभो. आणि प्राध्यापक टेर हार यांनाही, झगा खुंटीवर असताना, कधीतरी सूक्ष्मदर्शकापाशी बसण्याची बुद्धी होवो.