जस्ताजवळचा गोळा

उन्नतीला बोईसरच्या औषध कंपनीत नोकरी मिळाली ती एका चित्राच्या जोरावर. पीएचडी करताना तिने एका प्रथिनाचा स्फटिक स्वतःच्या औषधात भिजवून क्ष-किरणांत धरला होता. त्यातून इलेक्ट्रॉनांचा ढग कुठे दाट, कुठे विरळ, याचा नकाशा मिळतो. त्या ढगात मग एकेक अणू बसवायचा. सगळे बसवून झाल्यावर प्रथिनातल्या जस्ताच्या अणूजवळ एक गोळा शिल्लक राहिला. तो कशाचा, ते कळेना. उन्नतीने त्यात आपलं औषध बसवलं. अर्धंच बसलं. उरलेलं अर्धं हलतं असल्यामुळे दिसत नाही, असं तिने लिहून टाकलं, आणि ते छापूनही आलं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिनेच नाक मुरडलं असतं. पण आपला तो बाब्या.

त्या चित्रावरून कंपनीने वर्षभर नवी औषधं बेतली. एकही लागू पडेना. तरी सोमवारी उन्नतीला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळायचं होतं.

शुक्रवारी औषधात भिजवलेल्या नव्या स्फटिकांचे नकाशे आले. पाचहीत जस्ताजवळ तोच गोळा. उन्नती खूश झाली. स्फटिक वाढवायचं काम नर्मदाकडे होतं. विक्रमगडकडची, मोजकं बोलणारी बाई. ती मागे येऊन म्हणाली, "ताय, पाचव्यात औषध नाय घातलेलं."

कोणी सांगितलं होतं न घालायला, असं उन्नतीने जरा चिडूनच विचारलं.

"कोनी नाय. आमचा बाबा भाताला खत टाकताना एक वाफा कोरा ठेवतो. नायतर खतानं पिकलं का पावसानं, कसं समजनार?"

औषध न घालताही गोळा दिसत होता, म्हणजे तो औषधाचा नव्हताच. स्फटिक वाढवायच्या द्रावणात सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, असायचं, पीएचडीच्या वेळीही आणि आताही. उन्नतीला ते आठवलं. तिने औषध काढून तिथे सायट्रेट बसवून पाहिलं. ते पुरतं बसलं. पाच वर्षं ज्याला जीव लावला ते चित्रच चुकलेलं. तिला रडू आलं. जेवणापासून चहापर्यंत ती नुसती बसून राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही मनात येऊन गेलं.

चहानंतर तिने विभागप्रमुख दिग्विजय सरांना सगळं दाखवलं. त्यांनी पाचवा नकाशा पडद्यावर मोठा करून पाहिला.

"आणखी कोणाला माहीत आहे हे?"

"नर्मदाने प्रयोगाच्या वहीत लिहिलंय, सर."

मग सोमवारचं पत्र निघणार नाही, असं ते म्हणाले. ती दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी विचारलं, "तिने लिहिलं नसतं, तर सांगितलं असतंस?"

"हो," उन्नती म्हणाली. ते खरं होतं की नाही, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही.