नव्या कोचचा नकार

सँडव्हिग कॉलेजला कुस्तीसाठी नवा कोच हवा होता, आणि तो सगळ्यात जास्त मला हवा होता. कारण जुना कोच म्हणजे माझा नवरा. मनासारखा माणूस मिळाल्याशिवाय डेल्मर टॉर्केल्सन हे गाव सोडणार नव्हता, आणि तो हलत नाही तोवर आयोवाच्या या थंडीत नाक गोठवत बसणं मलाही भाग होतं. आमची जनेल ॲरिझोनात असते, टूसॉनला. मागच्या अंगणात तिनं आमच्यासाठी छोटं घर बांधून ठेवलंय, दारात लिंबाचं झाडसुद्धा आहे. सध्या तिथे तिच्या मुलांच्या सायकली राहतात.

लग्न झाल्यापासून मी थँक्सगिव्हिंगच्या सणाचं टर्कीचं जेवण एकदाही धड खाल्लेलं नाही. कुस्तीचा मोसम नोव्हेंबर ते मार्च. ज्या पोरांना घरी जाता यायचं नाही ती आमच्याकडे यायची, आणि दुसऱ्या दिवशी लढतीआधी काट्यावर वजन द्यायचं म्हणून माझ्या टर्कीकडे डोळे लावून पेल्यात थुंकत बसायची. तेवढंच वजन कमी. त्यांना धीर यावा म्हणून डेल्मरही उपाशी. मग मी एकटीनं काय जेवायचं? दर मार्चला तो म्हणायचा, आता पुरे. दर एप्रिलला 'एवढं एक वर्ष' म्हणून पुन्हा व्यायामशाळेच्या तळघरात उतरायचा. गेल्या हिवाळ्यात त्याचा खुबा बदलला, तेव्हा कुठे डॉक्टरनं गादीवर उतरायला बंदी घातली. त्या डॉक्टरला मी स्वतःच्या हातानं केक करून पाठवला.

निवड समितीत सहाजण होते. पण डेल्मरबरोबर पहिली मुलाखत घेतल्यावर चौघांना अचानक शेतीची कामं निघाली. उरला डेल्मर आणि उरल्या कॉलेजच्या अध्यक्षा, डॉ. डोरिंडा फेरांटे. त्या न्यू जर्सीच्या, वर्षभरापूर्वीच आलेल्या. बाई हुशार, मनानं मोकळी, मला आवडते. फक्त पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी विचारलं कॉफी घेणार का, तर ती लगेच "हो, द्या" म्हणाली. मी जरा वेळ तशीच उभी राहिले.

डेल्मरला कॉलेजचे जिने चढवत नव्हते म्हणून मुलाखती आमच्या बैठकीच्या खोलीत व्हायच्या, आणि खाऊ घालायचं काम अर्थातच माझ्याकडे. उमेदवार एकाहून एक चांगले. डेल्मरला एकही पटेना. एकाचे कान अगदी गुळगुळीत होते. कुस्तीगिराचे कान मोडून त्यांचा गोळा झालेला नसेल तर डेल्मर त्याच्याशी हवापाण्याशिवाय काही बोलत नाही. दुसऱ्यानं भिंतीवर आलेख दाखवले, तेव्हा हा डोळे मिटून बसला. तिसऱ्यानं माझी ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश पुन्हा वाढून घेतली, तर म्हणे स्वतःच्या पोटावर ताबा नाही, हा पोरांची वजनं काय सांभाळणार. चौथ्यानं पुन्हा घेतली नाही, तर म्हणे माझ्या बायकोचा अपमान केला.

शिवाय दारातच परीक्षा असायची. हात मिळवल्यासारखं करून डेल्मर समोरच्याचं मनगट ओढायचा आणि दुसऱ्या हातानं मानेला पकड घालायचा. कुस्तीवाले असेच भेटतात, त्यात काही विशेष नाही. पण आलेखवाला छत्र्यांच्या भांड्यात जाऊन पडला, आणि गुळगुळीत कानांच्या माणसानं वकिलाचं नाव काढलं. फेरांटेबाईंनी डेल्मरला दम भरला, पुढच्या वेळी फक्त हात मिळवायचा. त्यानं मान डोलावली. मी त्याला ओळखून आहे, तो मान व्यायाम म्हणून हलवतो.

शेवटी उरला लायल हॉफलँड. शेजारच्या काउंटीतल्या शाळेत कुस्ती शिकवायचा, घरी डुकरं पाळायचा. दोन्ही कान मोडलेले, एक तर जवळजवळ बंदच. दारात बूट काढले, टोपी हातात घेतली, आणि डेल्मरनं त्याचं मनगट ओढलं. लायलनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, खाली बसला आणि एकेरी पट काढला. तोही चांगल्या पायाचा, नव्या खुब्याच्या नव्हे. मग तो खुबा एका हातानं सांभाळत त्यानं माझ्या नवऱ्याला उचललं आणि अलगद सोफ्यावर ठेवलं. पाठीमागे उशीसुद्धा लावली.

फेरांटेबाईंची कॉफी सांडली. त्या पोलिसांना फोन लावणार तेवढ्यात डेल्मर सोफ्यावरून म्हणाला, "वाईट नाही."

हे शब्द त्याच्या तोंडून मी याआधी दोनदाच ऐकलेत. एकदा कॉलेजचा एक पोरगा राष्ट्रीय स्पर्धा जिंकला तेव्हा आणि एकदा जनेल जन्मली तेव्हा. माझ्या जिवात जीव आला. मनातल्या मनात मी त्या सायकली बाहेर काढायला लागले.

मुलाखतही झकास झाली. फेरांटेबाईंनी विचारलं की कॉलेजच्या कुस्तीबद्दल तुमचं स्वप्न काय. लायलनं बराच वेळ टोपीकडे बघून सांगितलं की पोरं फार उपाशी राहतात, त्यांना ज्या वजनात देवानं घातलंय त्याच वजनात लढवावं आणि थँक्सगिव्हिंगला पोटभर जेवू घालावं. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. डेल्मरनं घसा खाकरला, पण काही बोलला नाही. बोलला नाही म्हणजे पटलं.

मग फेरांटेबाईंनी त्याला सरळ विचारलं, "मिस्टर हॉफलँड, ही जागा तुम्ही घेणार का?"

लायल मानेपर्यंत लाल झाला. "छे छे, मी कुठला. तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगली माणसं आली असतील."

"ठीक आहे," त्या उठून म्हणाल्या. "स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे."

माझ्या हातातली ताटली तिथल्या तिथे राहिली. अहो, आमच्याकडे पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस उद्या चर्चमध्ये तोंड कसं दाखवेल? पहिल्यांदा नाही म्हणायचं, ते समोरच्याचा मान राखायला. दुसऱ्यांदा नाही म्हणायचं, ते आपला मान राखायला. तिसऱ्यांदा खरं सांगायचं. कॉफीला हाच नियम, केकला हाच, नोकरीलाही हाच. लायल बिचारा टोपी फिरवत उभा राहिला, दुसऱ्यांदा कुणी विचारतंय का याची वाट बघत. मग गारांविषयी बोलला. मग माझ्या ट्यूलिपविषयी बोलला. दारात आणखी थोडं बोलला. शेवटी अंगणात जाऊन ट्रकमध्ये बसला, इंजिन सुरू केलं आणि तसाच बसून राहिला.

डेल्मरही मूग गिळून गप्प. 'त्याला पुन्हा विचारा' असं तोंडानं म्हणायचं म्हणजे दुसऱ्यासाठी नोकरी मागितल्यासारखं. ते त्याच्याच्यानं मेला तरी होणार नाही.

फेरांटेबाई त्याच्याकडे वळल्या. "कोच, मग तुम्हीच एवढं एक वर्ष काढाल का? गादीवर उतरू नका, खुर्चीत बसून शिकवा."

मी स्वयंपाकघराच्या दारातून त्याचा चेहरा पाहिला. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो इतका खूश दिसला नव्हता. डेल्मरनं हात झटकला आणि म्हणाला, "नाही हो, म्हातारा झालो मी. कुणी तरुण बघा."

"समजू शकते," बाई म्हणाल्या. "मग ट्रस्टींना कळवते, यंदापासून कुस्ती बंद. मुलं दुसऱ्या कॉलेजात जातील."

डेल्मरनं आयुष्यभर जो नियम पाळला तोच त्याला चितपट करून गेला होता.

आता मला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंच. ताटली पुसायची आणि गप्प बसायचं. मी ती पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. खिडकीतून लायलचा ट्रक धूर सोडताना दिसत होता. सोफ्यावर डेल्मर स्वतःच्या हातांकडे बघत होता, आणि हे हात घेऊन तो टूसॉनला लिंबाच्या झाडाखाली काय करेल हे मला लख्ख दिसत होतं. मला माझ्या नवऱ्याचा राग येतो, पण त्याला असं बसलेलं मला बघवत नाही.

"डोरिंडा," मी म्हटलं, "तो माणूस नाही म्हणालेला नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिच्या भुवया वर चढत गेल्या. "म्हणजे तो हो म्हणत होता?"

"हो नाही. पण नाहीसुद्धा नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर कळतं."

"आणि हे कुणी मला वर्षभरात सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत का?"

बाई हुशार, हे मी आधीच म्हटलंय. तिनं खिडकीकडे पाहिलंच नाही. ती वळली सोफ्याकडे. "म्हणजे कोच, तुमचंही तसंच?"

मी जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग.

डेल्मर म्हणाला, छे, उगाच तुम्हाला त्रास. पण ते म्हणताना तो चक्क हसत होता. बाई म्हणाली, आता तिसऱ्यांदा विचारते. डेल्मरनं हो म्हणायला श्वास घेतला. आणि मग सवयीनं, निव्वळ सवयीनं, माझ्याकडे पाहिलं.

"अर्डिस, एवढं एक वर्ष. तुझी हरकत नाही ना?"

दर एप्रिलला तो मला हेच विचारायचा, याच शब्दांत, दारात कोट चढवता चढवता. मीही दर एप्रिलला जे म्हणायची तेच म्हटलं, "छे, माझी कसली हरकत."

"मग ठीक," डेल्मर म्हणाला.

"थांबा," फेरांटेबाई म्हणाली. तिनं एक बोट वर केलं होतं. "हे तर पहिलंच झालं ना?"

डेल्मरनं त्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा बोटाकडे. त्याच्या मोडक्या कानांच्या मध्ये काहीतरी हळूहळू हलत असल्याचं मला दिसलं.

"अर्डिस," तो जपून म्हणाला, "खरंच चालेल ना तुला?"

"तू ठरव. मी काय बोलणार त्यात."

बाईनं दुसरं बोट वर केलं. डेल्मर काठी घेऊन उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या हातातली ताटली काढून त्यानं टेबलावर ठेवली. आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं.

"अर्डिस, हरकत आहे का गं तुझी?"

"आहे," मी म्हटलं.

एवढंच म्हणायचं होतं, पण एकदा दार उघडल्यावर मागचं सगळं धावत आलं. "यंदाही आहे, गेल्या साली होती, त्याच्या आधीही होती. जनेल लहान होती तेव्हापासून आहे. मला माझी टर्की तुझ्याबरोबर गरम गरम खायची होती, डेल्मर."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू एकदाच विचारायचास."

डेल्मरनं मान खाली घातली. या वेळी ती व्यायाम म्हणून नव्हती. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मानेपर्यंत नेला आणि कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. कुस्तीवाल्यांना दुसरं काही येत नाही.

मग तो फेरांटेबाईंना म्हणाला, नाही, आणि हा नकार खराखुरा आहे, पुन्हा विचारू नका. आणि पायात मोज्यांशिवाय काही न घालता काठी टेकत अंगणात गेला. आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहिलो. त्यानं ट्रकच्या काचेवर टकटक केली. आतून लायलनं मान हलवली, नाही. डेल्मर काहीतरी बोलला. लायलनं पुन्हा मान हलवली, पण आधीपेक्षा कमी. डेल्मर आणखी काही बोलला आणि ट्रकचं इंजिन बंद झालं.

माझे डोळे वाहत होते आणि ते पुसायला माझ्याकडे भांडी पुसायचं ओलं फडकंच होतं. फेरांटेबाईनं खुर्ची ओढली. म्हणाली, जरा बसा, मी कॉफी करते, घ्याल ना?

"छे, कशाला उगाच," मी म्हटलं.

तिनं पुन्हा विचारलं.