शोनेडचा हात

अमेरिकेत, ओहायोच्या डोंगरात, वेल्सहून आलेल्या माणसांनी जंगल तोडलं आणि स्वतःच्या घरांना दारं बसवायच्या आधी चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, उभं केलं. चॅपलचा कायदा मात्र बोटीतून सोबतच आणलेला: लग्नाआधी पोरीला दिवस गेले, तर साऱ्या मंडळीने हात वर करायचे आणि तिला बाहेर काढायचं.

या खेपेला पोर होती शोनेडची. लाउरी.

"अहो, पंच आहात ना तुम्ही? काहीतरी करा," शोनेड नवऱ्याला म्हणाली.

"पंच आहे म्हणूनच करता येत नाही," हॉपकिन बूट पुसत म्हणाला. "दुसऱ्यांच्या पोरी काढल्या तेव्हा तूही हात वर केलासच की."



चॅपलच्या वाटेवर लाउरीने तिची बाही धरली. "आई, बाकीच्यांना हात वर करू दे. तू नको करूस. तू नाही केलास तर मी कुठं जायची नाही. इथंच राहीन."

"हात झडला तरी नाही करणार!"

शोनेडला गावातलं प्रत्येक लग्न आणि त्यानंतरचं पहिलं मूल तोंडपाठ होतं. शेजारीण बेटी, तिचा थोरला लग्नानंतर सातव्या महिन्यात झालेला, तोही चांगला गुटगुटीत. निम्म्या बाकांची तीच गत. हे कोणत्या तोंडाने हात वर करतील, असा तिचा हिशोब.

हॉपकिनने मत मागितलं आणि पहिला हात बेटीचाच गेला. लपलेलं पाप असलं की हात हलका होतो. मागोमाग सगळे. शोनेडने दोन्ही हात शालीत कोंबले होते.

लाउरी उठली. दाराशी तिचा तोल गेला. शोनेडला राहवेना, बोलायचंच होतं. आणि या सभेत बाईमाणसाने बोलायचं तर आधी हात वर करून परवानगी मागायची. वर्षानुवर्षांची सवय. हात आपसूक वर गेला.

नेमकं तेव्हाच लाउरीने वळून पाहिलं.

हॉपकिननेही पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा हात कशासाठी वर गेला हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

"एकमताने," तो म्हणाला.

"अहो, मला बोलायचं होतं!"

"मत झालं, शोनेड. बस."

ती धावत घरी पोचली तोवर खुंटीवर लाउरीची शाल नव्हती. पश्चिमेला जाणारी गाडी चढ ओलांडून गेली होती.

वर्षभराने दुसऱ्या कुणाची पोर उभी राहिली. शोनेड हात मांडीखाली दाबून बसली. शेजारून बेटी कुजबुजली, "सख्ख्या लेकीच्या वेळी हात वर केलास, मग हिच्यासाठी कसला गं संकोच?"