मिसरी म्हणजे तंबाखू नव्हे

मालनच्या डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेजवळ, एक पांढरा चट्टा उठला होता. दुखत नव्हता, पण जीभ सारखी तिकडेच जायची. तेवीस वर्षांची बाई. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर दिवसभर मातीच्या पाट्या वाहायची. अशीला स्वतःच्या तोंडात डोकावायला सवड कुठली? पण तिची आई, गोजरबाई, तोंडाच्या असल्याच दुखण्याने गेली होती. शेवटी शेवटी पाण्याचा घोट उतरेना. माहेरच्यांनी करणी म्हणून देवऋषी केले, अंगारे लावले, आणि बाई गेली ती गेलीच. मालनला ते सगळं दिसत होतं. एक दिवस कामाचा खाडा करून ती घोडेगावच्या बाजाराला गेली. तिथे बाजाराच्या दिवशी नगरहून एक तरुण डॉक्टर येत असे.

डॉक्टरने बॅटरी लावून गाल पाहिला. मग विचारलं, "तंबाखू खाता?"

मालनला रागच आला. चांगल्या घरच्या सुनेला विचारायची ही गोष्ट आहे का? "न्हाई बा. आमच्यात बायका तंबाखूला हात लावत न्हाईत."

"विडी?"

"ती तर लांबच ऱ्हायली."

डॉक्टर जरा चक्रावला. अशा चट्ट्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, होईलच असं नाही, असं तो म्हणाला. मालनला तो शब्द नवा. कामावर मुकादम हजेरीपटावरचं नाव कापायचा, त्याला क्यान्सल म्हणायचा. असंच काहीतरी असेल, असं ती धरून चालली, आणि खरं सांगायचं तर फारशी चुकली नाही. तरुण आहात, आत्ताच सवयी सांभाळा, डॉक्टर सांगत होता. पालेभाजी खा, फळं खा, धुरापासून लांब बसा, तोंड स्वच्छ ठेवा. महिन्याने दाखवा. चट्टा वाढला असेल तर पुण्याला जावं लागेल, तिथे तुकडा काढून तपासतील.

पालेभाजी! त्या साली गावात हिरवं म्हणून काही उरलं असेल तर ते बायकांच्या हातावरचं गोंदण. फळं म्हणाल तर बाभळीच्या शेंगा, त्यासुद्धा शेळ्यांनी आधीच उरकलेल्या. आणि चुलीपासून लांब बसून भाकरी कशी थापायची हे डॉक्टरच्या पुस्तकात नसावं. राहता राहिलं तोंड स्वच्छ ठेवणं. त्याला पैसा लागत नव्हता आणि पाऊसही लागत नव्हता. मालनने ते मनावर घेतलं.

तोंड स्वच्छ ठेवायचं म्हणजे मिसरी लावायची, हे काय कोणी सांगायला पाहिजे? तिची सासू झुंबरबाई तव्यावर पानं काळी होईतो भाजायची, कुटून पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची. मालनला ती पहिल्यांदा लावली तीही सासूनेच, बाळंतपणात दाढ ठणकत होती तेव्हा. मायेने, स्वतःच्या बोटाने. मालन सासूला आत्या म्हणायची, आणि आत्याच्या हातच्या मिसरीला सगळ्या वाडीत तोड नव्हती. आजवर मालन दिवसातून दोनदा लावायची. आता पाचदा लावू लागली. मिसरी लावून चट्ट्यावरून बोट फिरवलं की तिथे चुरचुरायचं, आणि औषध लागू पडतंय असं तिला वाटायचं.

नवरा गहिनीनाथ तिच्याहून जास्त घाबरला. डॉक्टरने आधी तंबाखूचंच विचारलं, म्हणजे तंबाखूनेच होत असणार. मालन खात नाही हे तर उघड, मग ती बाधली कशी? बराच विचार करून त्याने ठरवलं, आपल्याच तोंडाचा वास तिला लागत असणार. दुसऱ्या दिवशी त्याने चुन्याची डबी आणि तंबाखूची पिशवी विहिरीत टाकली. विहीर कोरडीच होती, त्यामुळे दोन्ही खाली स्वच्छ दिसत राहिल्या, आणि पाच-सहा दिवस तो वाकून वाकून बघून येई. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पण नवऱ्याने बायकोसाठी तंबाखू सोडली, हे त्या वाडीत कोणी कधी ऐकलं नव्हतं. मालनला मनातून फार बरं वाटलं. 

महिन्याने ती परत गेली. सोबत तीन वर्षांची लेक होती. आधीची दोन पोरं गेल्यावर ही जगली, दृष्ट लागू नये म्हणून हिचं नाव दगडा ठेवलेलं. चट्टा दुपटीने वाढला होता. डॉक्टरने बॅटरी विझवली.

"खरं सांगा. तंबाखू खाता ना?"

"न्हाई वो."

"तंबाखू खाणाऱ्यांचं एक बरं असतं. वेळेवर सोडली की असे चट्टे पुष्कळदा जिरतात. तुमचं कारणच सापडत नाही, मी सोडायला काय सांगू?"

मालनने दगडाला पुढे ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "या लेकराची आन घेते. म्या तंबाखू खात न्हाई."

डॉक्टरने मान डोलावली आणि पुण्याची चिठ्ठी लिहून दिली. मालन घरी आली ती डोक्यात नुसता कालवा घेऊन. पुणं म्हणजे काय, तिथे गेलेली बाई परत येते का, आणि आपण असं काय केलं? धुरात बसलो म्हणून? की आईचं रगतच तसं?

तिसऱ्या दिवशी कामावर दुपारची सुट्टी झाली. मालन लिंबाखाली भाकरी खात होती, तिच्याजवळ गहिनीनाथ येऊन बसला. तंबाखू सोडल्यापासून त्याचं डोकं जड असे, माणसांवर उगाच खेकसे. त्याला मालनच्या पदराला बांधलेली डबी दिसली.

"दे जरा ती. दात तरी घासतो."

त्याने चिमूटभर मिसरी घेतली आणि दातांवर चोळली. डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. एवढं बरं त्याला महिन्याभरात वाटलं नव्हतं. मग त्याने झटकन डोळे उघडले.

"आगं, ही तर तंबाखूच हाय."

"काय तरी काय. मिसरी हाय ती."

"आन मिसरी कशाची करत्यात?"

"तंबाखूची," मालन म्हणाली, आणि तिचा घास तोंडातच राहिला.

म्हणजे तिला माहीत होतं. पानं बाजारातून गहिनीनाथनेच आणायची, ती झुंबरबाईला निवडून द्यायची मालननेच. पण भाजल्यावर ती तंबाखू राहते असं कधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तंबाखू म्हणजे गड्यांनी चुना लावून मळायची ती. मिसरी म्हणजे दातवण. आता मालनला हसावं की रडावं कळेना. कारण सापडलं होतं, सोडलं तर चट्टा जिरेल, पुण्याला जावं लागणार नाही कदाचित. पण लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली आन, तिचं काय? शिंगणापूर कोसा-दोन कोसांवर, जिथे शनीच्या भीतीने लोक घराला दार लावत नाहीत, तिथे हिने पोटच्या पोरीची खोटी आन घेतली होती. का ती खोटी नव्हतीच? ती खोटं बोलली नव्हती, आणि बोलली तेही खरं नव्हतं. त्या रात्री दगडा जरा खोकली तरी मालन उठून बसत होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती सकाळीच निघाली. डॉक्टरपुढे सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. झुंबरबाई ओट्यावर मिसरी लावत बसली होती. मालनने तिला सांगितलं, आजपासून मिसरी बंद, चट्टा त्यानेच आला.

झुंबरबाईचा हात थांबला. "म्हंजी म्या तुला इख दिलं व्हय?"

"तसं न्हाई, आत्या."

"मंग कसं? चाळीस वरसं लावतीया मी. माजी आय लावायची, तिची आय लावायची. मला काय झालं? ये हिकडं, बघ." तिने चूळ भरली, उन्हाकडे तोंड केलं आणि मोठा आ केला.

मालन वाकून बघू लागली. उजव्या गालात चट्टा नव्हता. तिथलं मांसच उललेलं होतं, कडा जाड आणि लालभडक. असं तोंड तिने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आईला चमच्याने पाणी पाजताना.  खांबाचा आधार घेऊन तिने कसंबसं विचारलं, "आत्या, हे दुखत न्हाई का तुमाला?"

"दुखतंय की," झुंबरबाई म्हणाली. "म्हनून तर सारकी मिसरी लावतीया."