पहिल्या चावीचा आवाज

गाडीतून आवाज येतो असं म्हणणारा माणूस घरात एकच होता, आणि त्यालाच कमी ऐकू यायचं. सगळी अडचण इथून सुरू झाली.

मास्तरांचा उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला होता. निवृत्तीनंतर कान हळूहळू मिटत गेले आणि कानांत यंत्रं आली. ती ते न्याहारीला बसताना चढवत. "त्याआधी जगात ऐकण्यासारखं काही नसतं," असं त्यांचं म्हणणं. त्यांची सून फिजिओथेरपिस्ट. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरोघरी जाऊन ती त्यांचे हातपाय हलते करायची. या फिरतीसाठी तिने एक जुनी गाडी घेतली होती. जुनी, पण वाटेवरून उचललेली नव्हे. डीलरने तपासून शिक्का मारलेली, 'सर्टिफाइड', वर्षाच्या वॉरंटीची. गाडी दारात आली त्या दिवसापासून मास्तरांनी आपण होऊन एक काम अंगावर घेतलं. सून आवरते आहे तोवर खाली जायचं, काच पुसायची आणि इंजिन चालू करून ठेवायचं. "सूनबाईंना घोडा जीन घालून तयार मिळाला पाहिजे."

एके सकाळी ते वर आले आणि म्हणाले, "घोडा खोकतोय."

"म्हणजे?" मुलाने विचारलं.

"चावी फिरवली की आत काहीतरी खडखडतं. क्षणभरच. मग गप्प."

"बाबा, यंत्रं कानात नसताना तुम्हाला खडखड ऐकू आली?"

"कानाला नाही, हाताला आली. डॅशबोर्डवर हात होता माझा."

मुलाने बायकोकडे पाहिलं. त्या पाहण्याला मागचा संदर्भ होता. अलीकडे मास्तरांकडून नळ उघडा राहत होता. शेजाऱ्याला त्यांनी आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली होती. मुलाने विसराळूपणाच्या डॉक्टरांकडे वेळ मागून ठेवली होती आणि ही खडखड त्याला त्याच यादीतली पुढची गोष्ट वाटली.

सुनेला तसं वाटेना. तिच्या कामात रोज कुणी ना कुणी सांगायचं, "इथे दुखतं," आणि एक्स-रेच्या फोटोत तिथे काहीच नसायचं. तरी ती बोट ठेवून बघितल्याशिवाय कुणाला खोटं पाडत नसे. ती एकदा मुद्दाम लवकर खाली उतरली. मास्तरांनी तिच्यासमोर चावी फिरवली. इंजिन लोण्यासारखं सुरू झालं. दुसऱ्यांदा नवरा उतरला. तेव्हाही तेच. मास्तर चावीकडे बघत राहिले.

ती गाडी घेऊन डीलरकडे गेली. वर्कशॉपमध्ये गाडी वर चढवली, खाली उतरवली, संगणकाला जोडली. उत्तर आलं: दोष आढळला नाही. पुन्हा गेली. या वेळी गाडी मुक्कामाला ठेवून घेतली, सकाळी तपासली, दोष आढळला नाही. तिसऱ्या खेपेला वॉरंटीचा मॅनेजर स्वतः बाहेर आला. माणूस उंचापुरा, आवाज भरदार, पण वागायला सभ्य.

"मॅडम, एक विचारू? आवाज तुम्ही स्वतः ऐकलाय?"

"नाही. सासऱ्यांनी."

"मग त्यांनाच घेऊन यायचं होतं."

"आणलंय की." तिने सोफ्याकडे बोट केलं.

मास्तरांनी मान पुढे काढली, कानाशी हात नेला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय म्हणतायत?"

शोरूममध्ये हशा पिकला. मॅनेजर हसला नाही, हे सुनेने लक्षात ठेवलं. पण ओठ त्यानेही दाबून धरले होते, हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही. घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "सोड ना तो नाद. असेल माझ्याच डोक्यात."

तिने सोडला नाही. वॉरंटी संपायला आली होती, म्हणून तिने ग्राहकांचे तंटे मिटवणाऱ्या केंद्रात तक्रार दिली.

"एवढ्याशा खडखडीसाठी भांडत बसायचं?" नवरा म्हणाला.

"खडखडीसाठी नाही," ती म्हणाली. तिने मास्तरांच्या खोलीकडे पाहिलं. त्यालाही कळायचं ते कळलं.

केंद्राची खोली साधी होती. एक गोल टेबल, पाण्याचा जग, उघडी खिडकी. मध्यस्थ बाई स्थूल, हसऱ्या, पायातल्या चपला काढून बसणाऱ्या. त्यांची एक रीत होती. भांडण काय आहे ते त्या आधी विचारतच नसत. कागद बाजूला सारायच्या आणि प्रत्येकाला म्हणायच्या, "सकाळपासून सांगा. उठल्यापासून. मला घाई नाही." वकील मंडळी या प्रश्नाला कंटाळत. पण भांडणाचं मूळ बहुतेक वेळा भांडणाच्या बरंच आधी असतं, असा बाईंचा अनुभव होता.

मॅनेजर आधी गोंधळला, मग रंगात आला. आपल्या कामाबद्दल कुणी इतकं सविस्तर विचारलंच नव्हतं त्याला. "सकाळी शटर उघडायच्या आत आमचे वॉचमनकाका आवारातली एकूणएक गाडी सुरू करतात. बॅटरी बसू नये म्हणून. आणि गिऱ्हाइकासमोर गाडीने आढेवेढे घेता कामा नयेत. बारा महिने, न चुकता. काकांचा हात फिरला की मगच आमचा तपासनीस गाडीला हात लावतो."

"मुक्कामाला आलेल्या गाड्यासुद्धा?"

"सुद्धा! काका दुजाभाव करत नाहीत."

"छान. आता आजोबा, तुम्ही."

मास्तरांनी काच पुसण्यापासून सुरुवात केली. बाईंनी मध्येच विचारलं, "सूनबाई ऐकायला खाली उतरल्या त्या दिवशी काय केलंत?"

"त्या दिवशी आधी मी एकदा चालू करून बघितली. खात्री केली. आला आवाज. मग बंद केली आणि तिला हाक मारली. उगाच जिने उतरायला लावायचं आणि आवाज नाही आला तर? मुलाच्या वेळीही तसंच केलं."

मॅनेजरच्या बोटांतलं पेन थांबलं होतं. सून आपल्या सासऱ्यांकडे बघत होती.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "बाबा आणि तुमचे वॉचमनकाका सोडले, तर रात्रभर उभी राहिलेली ही गाडी आजवर कुणी सुरूच केली नाही."

"कुणीच नाही. आणि काकांना एवढ्या गाड्यांच्या घरघरीत काय कळणार," मॅनेजर म्हणाला. आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "आम्ही शिक्का मारला तेव्हाही नाही."

एका घरातला म्हातारा आणि एका आवारातला वॉचमन, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. दोघांनी केली ती निव्वळ माया. आणि त्या मायेखाली तो आवाज रोज झाकला जात होता.

बाईंनी चपला पायात सरकवल्या. "गाडी उद्या रात्रभर यांच्या आवारात उभी राहील. चावी माझ्या पर्समध्ये. सकाळी सगळे हजर राहा."

दुसऱ्या रात्री तसंच झालं. वॉचमनकाकांना हे मुळीच रुचलं नाही. सकाळी सगळे जमले तेव्हा ते कडेला उभे राहून पुटपुटत होते, "सगळ्यांना वाढायचं आणि एकीला उपाशी ठेवायचं. ही कुठली पद्धत?"

हवेत गारवा होता. गाड्यांच्या टपांवर दव साचलं होतं. मध्यस्थ बाई, मॅनेजर, वर्कशॉपचा मिस्त्री, सून आणि तिचा नवरा असे सगळे त्या गाडीभोवती उभे राहिले. नवरा हात खिशात खुपसून, नजर खाली लावून उभा होता. ऑपरेशनच्या दाराबाहेर माणसं उभी असतात तसा. बॉनेट उघडलं. मास्तर पुढे झाले. यंत्रं त्यांनी खिशातच ठेवली होती. त्यांनी इंजिनावरच्या झाकणावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

मॅनेजर आत बसला. चावी फिरली.

आवाज आला.

मोठा नव्हता. पत्र्याच्या डब्यात कुणी मूठभर खडे टाकून एकदाच हिसडा द्यावा, तेवढाच. पण त्या शांततेत तो सगळ्यांच्या आरपार गेला. दुसऱ्याच क्षणी इंजिन मवाळ झालं आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात गुणगुणू लागलं. मास्तरांनी डोळे उघडले. सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांची नजर फिरली. वर्गात कठीण प्रश्न टाकून थांबलेल्या शिक्षकाची नजर नव्हती ती. निकालाच्या फळ्यासमोर उभ्या पोराची होती.

मॅनेजरने इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं. काही नाही. पुन्हा. काही नाही.

"गेला," तो म्हणाला. त्याचा भरदार आवाज एकदम खाली आला होता. "एवढी वर्षं मी गाड्या तपासतोय. असे आवाज माझ्या नाकासमोरून रोज गेले असतील." तो बाहेर आला आणि मास्तरांना म्हणाला, "काका, काम वॉरंटीत धरतो. आणि इंजिन आत्ताच उघडतो. तुमच्यासमोर."

नवऱ्याने खिशातून फोन काढला, जरा लांब गेला आणि डॉक्टरांकडची वेळ पुढे ढकलली. रद्द केली नाही. नळ उघडा राहिला होता हे खरंच होतं. पण परत येऊन तो वडिलांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

मिस्त्रीने सावकाश एकेक बोल्ट काढला आणि पुढचं झाकण उचललं. सून वाकली आणि तशीच राहिली. इतके दिवस ती या गाडीत बसली होती, तिच्या जिवावर दारोदार हिंडली होती, आणि आत असं काही असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. दाते असलेली चकाकती चाकं, त्यांच्यावरून गेलेली नाजूक साखळी, तेलाने न्हालेली, एकेक कडी दुसरीत अशी बसलेली की वाटावं हिला जोड नाहीच. शिकत असताना माणसाच्या पाठीचा कणा पहिल्यांदा उघडा पाहिला तेव्हा तिचा श्वास असाच अडकला होता.

"ही साखळी सैल झालीये," मिस्त्री म्हणाला. "हिला ताणून धरणारा हा दट्ट्या तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभरात तेल खाली उतरतं, मग पहिल्या चावीला साखळी फडफडते. तेल चढलं की घट्ट." त्याने बोटाने एक झिजलेली पट्टी दाखवली. तिचा एक तुकडा गायब होता. "तुटली असती ना साखळी, तर धावत्या गाडीत सगळं एकमेकांवर आपटलं असतं."

मध्यस्थ बाईंनी नकळत हात जोडले. वॉचमनकाकांनीही पुटपुटणं थांबवलं होतं. ते टाचा उंचावून माणसांच्या मधून बघत होते.

मग मंडळी पांगली. मिस्त्री सुटे भाग आणायला गेला, मॅनेजर तपासनीसाला शोधत निघाला. उद्यापासून गाड्यांची तपासणी काकांच्या फेरीच्या आधी, असं तो वाटेतच ओरडून सांगत होता. उघड्या इंजिनाशी सासरे आणि सून दोघंच उरले. मास्तरांनी यंत्रं कानात चढवली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"एक खरं सांगशील?"

"विचारा ना, बाबा."

"तुला ऐकू आला होता? की सगळ्यांनी मिळून माझं मन राखलं?"

ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. म्हणजे इतके दिवस त्यांनाही खात्री नव्हती. आवाज इंजिनात आहे की आपल्या डोक्यात, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि तरी हा माणूस रोज सकाळी एकटा खाली उतरत होता, हात ठेवत होता आणि स्वतःच्याच मनाची परीक्षा घेत होता.

"आधी खड्यांसारखा," ती म्हणाली, "आणि शेवटी, विरताना, कुणीतरी नखाने पत्रा ओरखडल्यासारखा. अगदी बारीक."

मास्तरांनी मान हलवली. "नखाचं मला नव्हतं कळलं," ते म्हणाले. "हाताला तेवढं नाही पोचत." त्यांनी तिचा हात धरून साखळीवर ठेवला, आणि दोघं तिथेच उभी राहिली.