साईराजच्या पानावरची इरजिक

आता मला कुनी विचारलं की इंटरनेटवर लिवून पोट भरतं का, तर मी आधी त्येलाच विचारीन, तुझ्या घरात आई हाय का? आसंल तर तिला लांब ठिव. मग भरंल पोट.

मी राहीबाई. आमचं गाव कडेगावच्या अलीकडं. उसाचं रान हाय थोडं, खान्यापुरतं. गावात घरटी एक मानूस पलटनीत. आमच्या घरातनं ह्ये गेले ते परत आलेच न्हाईत, बर्फात गेले. तवा साईराज तीन वर्साचा. पेन्शनीवर वाढवला मी त्येला, आनि तवाच ठरवलं, ह्येला काय मी सोडनार न्हाई. एक दिला की, बास झालं.

पोरगं बारावी झालं, सांगलीत कॉम्प्युटरचा कोर्स केला, आनि नव्व्यान्नव सालच्या पाडव्याला तिथल्याच त्येच्या दोस्ताच्या, कृष्णातच्या सायबर कॅफेत बसून इंटरनेटवर एक पान लिवायला लागलं. रोज. इंग्रजीत. काय लिवतुयास रं, म्हनून विचारलं, तर म्हनतो, "काल हिरीवरची मोटर जळाली ते लिवलं."

"आनि ते वाचतंय कोन?"

"आपल्याकडनं अमेरिकेत गेल्याली मानसं. सांगलीची, इस्लामपूरची, साताऱ्याची. गावाकडचं वाचलं की त्यांना बरं वाटतं."

"आमची मोटर जळाली की त्यांना बरं वाटतं व्हय? आग लागू दे त्यांच्या बरं वाटन्याला!"

लय हसला. मग समजावून सांगितलं. वाचनारा पैसं देत न्हाई. पानाच्या डोक्यावर जाहिरातीची पट्टी आसती. वाचनाऱ्यानं पट्टीवर बटन दाबलं की जाहिरातवाली कंपनी साईराजच्या खात्यावर थोडं थोडं टाकती, आनि शंभर डॉलर भरलं की टपालानं चेक धाडती. मला वाटलं, पोरगं फसलं. पन ऑगस्टात खरंच चेक आला! बँकेतल्या सायबानं त्यो उलटा बगितला, सुलटा बगितला, वटायला दीड म्हैना लावला. पन वटला. मी गल्लीत पेढं वाटलं.

त्याच उन्हाळ्यात टीव्हीवर रोज डोंगर आनि तोफा दाखवायचे. पलीकडच्या गावात झेंड्यात गुंडाळून एक पोरगं आलं. म्हाताऱ्यांनी डोळं पुसलं आनि तरण्या पोरांचं रक्त तापलं. चेक आल्यावर एकदा जेवताना साईराज म्हनला, "आई, नोव्हेंबरात कोल्हापूरला भरती हाय. जानेवारीत मला एकवीस पुरी हुत्यात, म्हंजे ही शेवटची."

मी घास परत ताटात ठिवला.

"आन् पान?"

"दसऱ्यापतोर दुसऱ्यांदा शंभर भरलं तर न्हाई जात. पानावर घर चालतंय आसं दिसलं तर कशाला जाऊ? पन न्हाई भरलं तर मला आडवू नगंस. तुझ्या पेन्शनीवर बसून खायाची मला लाज वाटती."

तवापासनं माझ्या जिवाला घोर लागला. त्यो सांगलीवरनं आला की पानी द्यायच्या आधी मी विचारायची, आज किती? म्हनायचा, एकसष्ट. दोन दिसांनी, त्रेसष्ट. गोगलगाय बरी म्हनायची. रातीला डोळा लागंना, आनि दिसा चुलीवरचं दूध माझ्या म्होरं उतू जायचं तरी मला दिसायचं न्हाई.

दसरा पंधरा दिसांवर आला, आनि खात्यावर बहात्तर. त्या सकाळी साईराजनं पिशवी भरली. म्हनला, "साताऱ्याला जाऊन येतो. दोन दिस लागतील." साताऱ्यात ह्येंच्या पलटनीतले सुभेदार लालासाहेब राहायचे. त्यांच्याकडं भरतीचं विचाराय निघाला, हे मला सांगाय लागत न्हाई. पोरानं मनातनं पानावर पानी सोडलं हुतं. एस.टी. वळनाआड गेली. तशीच मी धाकल्या दिराकडं, भाऊसोकडं गेले.

आमच्याकडं इरजिक घालत्यात. कुनाचं रान मागं पडलं, घरात करता मानूस न्हाई, की सगळं गाव आपापली अवजारं घिऊन त्येच्या रानात उतरतं आनि एका दिसात काम उरकून देतं. मजुरी कुनी घेत न्हाई. घरच्या बाईनं पोटभर जेवाय घालायचं, एवढंच. ह्ये गेले त्या साली माझं रान असंच इरजिकेनं उभं राह्यलं हुतं. मी भाऊसोला म्हनलं, "आवं भावजी, आपलं पोरगं आडलंय. त्येच्या पानावर इरजिक घालू."

भाऊसोची उमर कारखान्याच्या सभासदांच्या सभा गाजवन्यात गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आनि एकच विचारलं, "वैनी, किती बोटं लागतील?"

दुसऱ्या दिशी बावीस मानसं घिऊन आमी सांगलीत उतरलो. दोन दुरड्या पुरनपोळ्या माझ्याकडं, शेजारच्या बनुबाईच्या डोक्यावर आमटीचं पातेलं. आमाला दारात बगून कृष्णात उठून हुबाच राह्यला. त्येच्याकडं चार कॉम्प्युटर. बनुबाईनं पायतान भायेर काढलं, कॉम्प्युटरला हळदकुकू लावलं आनि मगच खुर्चीत टेकली. कृष्णातनं पान काढून दिलं, पट्टी दाखवली. दाबायचं, जाहिरात उघडंस्तवर थांबायचं, मागं यायचं, परत दाबायचं. चौघं थकली की दुसरी चौघं.

कृष्णातनं एकदा डोकं खाजवलं. "मावशी, हे असं चालतंय का, ते साईराजला विचारलं असतं तर बरं झालं असतं."

भाऊसो त्येच्यावरच वराडलं, "आरं, सहकारात सगळं चालतंय! तू बटन दाखव."

मला तवाच थांबाय पायजे हुतं. कृष्णात शाना पोरगा, त्येला कायतरी खटकलं हुतं. पन मी काय केलं? मी मागं हुबी राहून म्हनत हुते, "हात चालवा गं बायांनो, हात चालवा." सांजच्यापतोर नऊशे बटनं झाली. कृष्णातनं भाडं घेतलं न्हाई, चार पोळ्या खाल्ल्या. परत येताना एस.टी.त बाया गानी म्हनत हुत्या आनि मी म्हैनाभरानं पहिल्यांदा हसले.

साईराज साताऱ्यावरनं आला, मग दोन-तीन दिस सांगलीला राहून आला. मी दारातच हुबी. आता उड्या मारत यील, मला उचलंल. त्यो आला आनि जोत्यावर बसला.

"कंपनीनं खातं बंद केलं, आई. म्हनत्यात, लबाडी केली. एकाच जागेवरनं, एका दिसात, नऊशे वेळा दाबलंय. आपलंच आपन दाबायचं नसतं, तसा नियम हाय. साठल्यालं सगळं बुडालं."

"परत सांग की त्यांना."

"सांगितलं. न्हाई म्हनले. दुसऱ्या कंपनीला लिवलं, तीबी म्हनती तुमचं नाव खराब झालंय."

मी आत गेले आनि पीठ मळत बसले. पीठ किती मळलं कुनास ठाऊक. देवा, हातच तोडून टाकावंत आसं वाटलं. पन ह्ये मी केलंय आसं बोलले न्हाई. त्या दिशी न्हाई, दुसऱ्या दिशी न्हाई, दिवाळी झाली तरी न्हाई. पोरगं पान सोडून पहाटं पळायला जायचं, आनि मी देवाला म्हनायची, ह्येची छाती एक बोट कमी भरू दे. कुठली आई आसं मागती? मी मागितलं.

छाती भरली. पोरगं पास झालं.

जायच्या दिशी फाट्यावर एस.टी.ची वाट बगत हुतो. एस.टी. दिसली आनि माझ्या तोंडातनं भायेर पडलं, "साई, ते मी केलं रं. मी घातली इरजिक."

"ठाऊक हाय," म्हनला. "कृष्णातनं त्याच दिशी सांगितलं."

"मग मला बोलला का न्हाईस? चार शिव्या तरी द्यायच्यास!"

त्येनं माझा हात धरला. "आगं, पान तसंबी चालत नव्हतंच. दिसाला पाच-सा मानसं यायची. पैला चेक निव्वळ नशिबानं आला. तू लावून घिऊ नगंस."

मला ते खरं मानायचं हुतं, म्हनून मी मानलं. घरी आले आनि लय दिसांनी पोटभर जेवले.

डिसेंबरात कृष्णात लूनावरनं घरी आला, काखेत कागदाचा गठ्ठा. साईराज जाताना आपली इंटरनेटवरची टपालपेटी त्येला उघडून बगाय सांगून गेला हुता, त्यातनं छापून आनलेली पत्रं. मी म्हनलं, "पाच-सा जनांची एवढी पत्रं?"

"पाच-सा कुठली मावशी? रोज चारशे माणूस वाचायचं. खातं बंद झालं त्या दिवसापर्यंत वाढतच होतं."

"वाच," मी म्हनलं.

त्येनं वाचून दाखवली. चिंतामण नावाचे कोन डॉक्टर, मूळचे वाईचे. लिवतात, डोळं गेलंत, सून रोज पान वाचून दाखवायची, दोन म्हैने झाले, पान लिवनारा मुलगा आजारी तर न्हाई ना? इस्लामपूरची एक गोदावरी हुती, तिचंबी तेच. आनि एक दुकानदार हुता, तिकडं आपल्याकडच्या हळदी-गुळाचं दुकान चालवनारा. त्येनं लिवलं हुतं, कंपनी नको, मीच दर म्हैन्याला ठरावीक पैसं देतो, माझी जाहिरात तुमच्या पानावर कायमची ठेवा. तारीख वाचली कृष्णातनं. भरतीच्या चार दिस आधीची.

"साईराजनं हे बगितलं हुतं?"

कृष्णात खाली बगत म्हनला, "त्यानं खातं गेल्यापासून पेटी उघडलीच नव्हती, मावशी. मन उडालं होतं त्याचं."

मी रडले न्हाई. रडायला तोंड पायजे.

कृष्णातनं वही काढली. "ह्या लोकांना उत्तर धाडायला पाहिजे. सगळे विचारतात, पान का बंद झालं. काय लिहू?"

"लिव, त्येच्या आईनं बंद पाडलं."

"असं कसं लिहू, मावशी?"

"लिव म्हनते न्हवं. आनि खाली माझं नाव टाक."