कोठीमागची खोली

पडेगावच्या प्लॉटवर सकाळी नऊलाच पांढरी फक्की पडली होती आणि लक्ष्मीबाई त्या रेषांच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. कडुबा मिस्त्रीनं नकाशाबरहुकूम सगळं घर जमिनीवर आखलं होतं. हॉल वीस बाय सोळा. त्यात एक इंचही कमी होणार नाही, असं लक्ष्मीबाईंनी इंजिनिअरला पहिल्याच भेटीत सुनावलं होतं, आणि त्या बिचाऱ्यानं पुन्हा विषय काढला नव्हता.

त्याला कारण होतं. अकरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेली. गावाकडून, फुलंब्रीहून, दवाखान्याला, कोर्टाला, ॲडमिशनला आलेला प्रत्येक पाहुणा त्यांच्याकडे उतरायचा आणि जिन्यात बसून चहा प्यायचा. जिन्यात! ती लाज त्यांना आजही टोचायची. आता वीस माणसं मांडी घालून बसतील एवढा हॉल होणार आणि सगळ्या खोल्यांची दारं त्याच हॉलमध्ये उघडणार. घरातलं माणूस घरातल्यांना दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं वास्तुशास्त्र.

पहिली कुदळ मारायचा मुहूर्त दहा चाळीसचा होता. मुलगा सत्यम पूजेची तयारी करत होता. दहाला त्याची बायको मोनिका रात्रपाळी संपवून आली. ती एका दवाखान्यात आयसीयूत नर्स होती. स्कूटी लावून ती थेट हॉलला लागून आखलेल्या आपल्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"आई, आमची खोली इथं नको. मागं घ्या, कोठीच्या पलीकडं. मधी धान्याची पोती राहतील, म्हणजे हॉलमधलं बोलणं ऐकू येणार नाय."

"मागं?" लक्ष्मीबाईंचा पारा चढला. "सून दिवसाढवळ्या मागं दार लावून पडती, असं पाव्हण्यांनी म्हणावं व्हय?"

"म्हणू द्या."

"चार वरसं झोपतीसच की आमच्यात. आम्ही काय ढोल वाजवतो का?"

"झोपत नाय आई. डोळे मिटून पडते." मोनिकाचा आवाज चढला नाही. "मागच्या बुधवारी सहा नंबर बेडचं इंजेक्शन घेऊन चार नंबरच्या बाईजवळ उभी होते. सुई लावायच्या आधी मनगटावरची नावाची पट्टी बघितली, म्हणून थांबले. तुमच्या वयाची होती ती. खोली इथंच बांधली तर मी नोकरी सोडणार. नायतर एक दिवस माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल."

सत्यम हातातला नारळ तसाच धरून उभा राहिला. त्याला हे आजच कळत होतं. पण माघार घेणं लक्ष्मीबाईंच्या रक्तातच नव्हतं.

"भिंती झाल्या की येत नाय आवाज," त्या म्हणाल्या.

"मग बघूच." कोठीच्या जागेवर सिमेंटच्या गोण्यांची थप्पी रचलेली होती. मोनिकानं पूजेसाठी आणलेली सतरंजी उचलली. "मी गोण्यांच्या मागं पडते. तुम्ही हॉलमधी बसून रोजच्यासारखं बोला. झोप नाय लागली तर मी उठून येते. मग तुमचा नकाशा खरा."

लक्ष्मीबाई अशा आव्हानाला नाही म्हणणाऱ्या नव्हत्याच. त्यांनी हॉलच्या मधोमध बैठक मारली, फुलंब्रीच्या बहिणीला, चतुराबाईला, स्पीकरवर फोन लावला आणि रोजच्यापेक्षा दुप्पट आवाजात गप्पा सुरू केल्या. मधूनच उगाच मोठ्यानं हसल्या. तेवढ्यानं भागेना, तेव्हा कडुबाला घमेलं आपटायला लावलं. पंधरा मिनिटं झाली तरी गोण्यांमागून कुणी उठून आलं नाही.

"मुद्दाम पडून ऱ्हायली बघ," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि तावातावानं मागं गेल्या.

मोनिका झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, पायात बूट तसेच, एक हात सतरंजीबाहेर मातीत. लक्ष्मीबाई अगदी जवळ गेल्या, खोकल्या, बांगड्या वाजवल्या. ती हलली नाही.

खरं तर यातून नकाशाचं काहीच सिद्ध होत नव्हतं. रात्रभर उभं राहिलेलं माणूस कुठंही झोपेल, आणि लक्ष्मीबाईंना तेवढा मुद्दा सहज सुचला असता. पण त्यांना दुसरंच आठवलं. गेली चार वर्षं त्या दुपारी खोलीत डोकावल्या की मोनिकाचे डोळे उघडायचे. "काय आई, चहा टाकू का?" सून पावलाच्या आवाजानं उठती, लई कामाची हाय, असं त्या पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या. गाढ झोपलेली सून त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. स्वतःच्या लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, दहा अडतीस," कडुबा कुदळ घेऊन आला. "मारू का?"

लक्ष्मीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "दुसरा मुहूर्त कवा हाय?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"आज नाय. गुरुवारी."

"मग गुरुवारी मार."

"आई, मुहूर्त गुरुजींनी काढलाय. ते काय म्हणतील?" सत्यम कुजबुजला.

"त्यांना मी सांगते. तू सगळ्या मजुरांना पलीकडच्या झाडाखाली ने, अन् चपला हातात घेऊन जा. मिस्त्री, खोली इथं मागं आखायची. दाराला कडी आतून."

"आत्ताच आखू?"

"नाय. ती उठल्यावर."

ऊन गोण्यांवरून सरकत मोनिकाच्या कपाळावर आलं होतं. लक्ष्मीबाई उन्हाकडे पाठ करून, तिच्या तोंडावर आपली सावली पडेल अशा बेतानं मातीत बसल्या. मुहूर्त टळला, ऊन सरकलं, तशा त्या आणखी थोड्या पुढं सरकल्या.